पाचवी विकेट

पेपरात त्याचं नाव तीनदा आलं.
एकदा डमढेरे, एकदा ढमाले,
तिसऱ्यांदा बरोबर, पण आद्याक्षरं दुसऱ्याची.
तिन्ही कात्रणं त्यानं जेवणाच्या डब्याच्या झाकणात
आतल्या बाजूनं खळीनं चिकटवली होती.
वाफेनं ती पिवळी पडली
आणि अक्षरांना आमटीचा वास लागला.

शिवराम ढमढेरे. उजव्या हातानं मध्यमगती.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काडतुसं मोजायचा,
रात्रपाळी संपली की होळकर पुलावरून
धुक्यात सायकल हाणत मैदानावर,
आणि पहिलं काम म्हणजे मॅटिंगचे खिळे ठोकणं.
माळ्यावर विश्वास नव्हता त्याचा.
"सुरकुती राहिली तर विकेट तिची म्हणतील,
माझी नाही."

बूट जुन्या बाजारातले, कुणा गोऱ्या सार्जंटचे,
दोन नंबर मोठे. पुढे कापूस.
धावत यायचा तेव्हा आधी बूट यायचे,
मग शिवराम.
पण हात वर गेला की, काय सांगू,
मी चाळीस वर्षं स्कोअरची वही लिहिली,
तो हात बघताना पेन्सिल थांबायची.
थांबायला नको होती.

तीन हंगाम राखीव.
बडोदा, राजकोट, पुन्हा बडोदा,
थर्ड क्लासच्या बाकाखाली संघाचं किट
आणि किटवर पाय टाकून झोपलेला शिवराम.
मैदानात पाणी न्यायचा तेसुद्धा
पूर्ण रन-अप घेऊन.
सामना एकच मिळाला, बावन्नला.
एकतीस षटकं, नऊ निर्धाव, अठ्ठावन्न धावा, एक बळी.
स्लिपमध्ये दोन झेल सुटले.
सुटलेल्या झेलाला वहीत रकाना नसतो.
मी समासात दोन टिंबं दिली.
अजून आहेत.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.
त्रेपन्नचा डिसेंबर, निवड चाचणी,
तंबूत समितीचे तिघे केळी सोलत बसलेले.
षटकाचा शेवटचा चेंडू, शिवरामचा,
आणि तेवढ्यात मला चहा आला.
बशीत ओतला. फुंकला.
वर पाहिलं तर फलंदाज परत निघालेला,
पोरं एकमेकांच्या पाठी थोपटतायत,
आणि चेंडू परचुऱ्यांच्या हातात.
जे दिसलं ते लिहिलं.
परचुरे पाच. शिवराम चार.
संध्याकाळी वही समितीकडे गेली.
रात्री अंथरुणात षटकं पुन्हा मोजली
तेव्हा माझ्या लक्षात आलं.
सकाळी यादी लागली होती.
मी खोडरबर खिशात घालून गेलो
आणि खिशात घेऊनच आलो.

परचुरे दोन सामने खेळले. वाईट नाही टाकली त्यांनी.

छप्पन्नला शिवरामचा खांदा गेला.
तिळाचं तेल, विटेचा शेक, येरवड्याचा हाडवैद्य,
मग कारखान्याच्या गेटवर टाइमकीपरची खुर्ची.
दोन मिनिटं उशीर झालेल्याला
तो दोनच मिनिटं लिहायचा. कमी नाही, जास्त नाही.
मुलीचं लग्न केलं. निवृत्त झाला.
घड्याळ मिळालं, ते पुढे जायचं.

परवा खडकी बाजारात दिसला, मोसंबी निवडताना.
प्रत्येक मोसंबं बोटांत फिरवून
शिवण शोधत होता.
नसतेच, तरी दोन बोटं फाकवून धरायचा,
मनगट थोडं मागे.
बाई ओरडली, "घ्यायची तर घ्या अण्णा, खेळू नका."

मी म्हटलं, शिवराम, त्या डिसेंबरात...

तो मोसंबं तराजूत ठेवत म्हणाला,
"चहा गरम होता ना पण?"

मग पिशवी माझ्या हातात दिली.
धर जरा, म्हणाला,
सायकलचं कुलूप काढतो.